परदेशप्रवासातील अमृतधारा

२०१८ साली मला इटलीतील त्रिएस्ते या गावी एका अभ्यासवर्गासाठी जाण्याचा योग आला. अब्दुस सलाम या भौतिकीविदांनी १९६४ मध्ये तेथे सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू केले. आपल्यासारख्या देशांतील शिक्षकांना तेथे काही दिवस राहून शिकता येते. माझा तो पहिलाच परदेशप्रवास. निघण्याच्या आदल्या रात्री आईने मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याबरोबर अमृतधारेची एक बाटली माझ्या बॅगेत सरकवली. "सर्दी, डोकेदुखी, पोट, डास, कशालाही चालते. असू दे." बाटली दहा मिलिलिटरची, निम्मी वापरलेली, वर रबरी फुग्याचा ड्रॉपर.

विमान सुटून तासभर झाला असेल. आसनाखाली ठेवलेल्या माझ्या बॅगेतून कापूर, पुदिना आणि ओवा यांचा संमिश्र दरवळ येऊ लागला. शेजारच्या गृहस्थांना लागोपाठ चार शिंका आल्या. मी बॅग उघडली तेव्हा आडव्या पडलेल्या बाटलीतील बरेचसे तेल माझ्या टिपणवहीने प्यायले होते आणि बॉलपेनची अक्षरे निळ्या ढगांसारखी पसरली होती. झाकण तर घट्ट लावलेले होते! वीस वर्षे बॉईलचा नियम फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते.

प्रवासी विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जाते. बाहेरच्या हवेचा दाब तेथे जमिनीवरच्या दाबाच्या साधारण पाव भाग किंवा त्याहूनही कमी होतो, म्हणून विमानाच्या आत यंत्रांनी हवा भरावी लागते. पण ती जमिनीवरच्या दाबाइतकी भरत नाहीत. तेवढा दाब पेलायचा तर विमानाचे कवच फार जड करावे लागेल. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवर जेवढा दाब असतो, तेवढाच आत राखतात. २४०० मीटरवर तो पाऱ्याच्या सुमारे ५६५ मिलिमीटर भरतो. म्हणजे तुम्ही आसनावर बसल्या बसल्या महाबळेश्वरपेक्षाही बऱ्याच उंच डोंगरावर चढलेले असता. सामानाच्या कप्प्यातही साधारण तेवढाच दाब असतो, म्हणून बाटली मोठ्या बॅगेत टाकली असती तरी फरक पडला नसता.

आता हिशेब करू. बाटलीत पाच मिलिलिटर तेल आणि पाच मिलिलिटर हवा. ही हवा मुंबईत ७६० मिलिमीटर दाबाला कोंडली गेली. बाहेरचा दाब ५६५ झाला की आतबाहेर १९५ मिलिमीटरचा फरक पडतो. १९.५ सेंटिमीटर पारा, त्याची घनता १३.६, म्हणजे झाकणाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २६५ ग्रॅम वजनाइतका रेटा. रबरी फुगा तो किती सोसणार? त्यातून ही तेले रबराला फुगवतात आणि चिकट करतात. फट मिळाली की आतली हवा पसरू पाहते: पाच गुणिले ७६० भागिले ५६५, म्हणजे सुमारे ६.७ मिलिलिटर. बाटली आडवी असली आणि तोंडाशी तेल असले तर हवा बाहेर न पडता तेलच ढकलले जाते, १.७ मिलिलिटर, म्हणजे तीसेक थेंब. माझ्या वहीचे एवढे हाल व्हायला तेवढे पुरेसे होते.

विद्यार्थी मित्रांनो, गंमत पुढेच आहे. त्रिएस्तेला पोहोचून वही उघडली तर कागदावर तेलाचा डाग नव्हता! शाई पसरलेली, वास तसाच, पण खोबरेल सांडल्यावर राहतो तसा पारदर्शक तेलकट ठिपका कोठेच नाही. घरी हा प्रयोग करून पाहा. एका कोऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब आणि निलगिरी तेलाचा एक थेंब टाका व कागद वाऱ्याला ठेवा. खोबरेलाचा डाग उद्याही असेल, निलगिरीचा गेलेला असेल. दोहोंना आपण 'तेल' म्हणतो खरे, पण त्यांच्यात नात्याने फारसे काही नाही. खोबरेलाचा रेणू मोठा आणि जड. तो नेहमीच्या तापमानाला हवेत उडतच नाही. निलगिरी, लवंग, पुदिना, ओवा यांतल्या तेलांचे रेणू लहान असतात आणि द्रवाच्या पृष्ठभागावरून सतत निसटत राहतात. म्हणून त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. त्यांचा वास येतो तो याच निसटण्यामुळे. जे उडत नाही त्याला वास नाही.

ही तेले वनस्पतीतून काढतात तीही या गुणाचा उपयोग करून. निलगिरी तेलातील मुख्य घटक सिनिओल. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश सेल्सिअस. तरीही पाल्यातून पाण्याची वाफ सोडली की १०० अंशांच्या आतच तो वाफेबरोबर निघून येतो. कारण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांचे बाष्पदाब स्वतंत्र राहतात आणि त्यांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. एकट्या पाण्याला १०० अंश गाठावे लागतात. तेलाचा थोडासा हातभार मिळाला की त्याआधीच भागते.

अमृतधारा मात्र याहून चमत्कारिक. तिच्यात तेल ओतलेलेच नसते! कापूर, पुदिन्याचे फूल (म्हणजे मेंथॉल) आणि ओव्याचे फूल (म्हणजे थायमॉल) हे तीन कोरडे, पांढरे घन पदार्थ एका बाटलीत घालायचे आणि हलवत राहायचे. थोड्याच वेळात सगळे पाणी पाणी होते. मेंथॉल वितळते सुमारे ४२ अंशांना, थायमॉल ५० अंशांना आणि कापूर तर १७६ अंशांच्या आसपास. तिघेही खोलीच्या तापमानाला घन, आणि एकत्र आले की द्रव! घन पदार्थात रेणू ठराविक रचनेत बसलेले असतात. परके रेणू मध्ये घुसले की ती रचना जमेनाशी होते आणि मिश्रणाचा द्रवणांक प्रत्येक घटकाच्या द्रवणांकापेक्षा खाली येतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकतो ते याचसाठी. सोल्डरची तारही तशीच: कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना, पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर १८३ अंशांनाच. शिक्षकांना विनंती, प्रयोगशाळेत हे मिश्रण करून दाखवताना त्यात तापमापक बुडवून ठेवा. वितळण्यासाठी लागणारी उष्णता ते कोठून घेते, हे मुलांना वाचता येईल.

त्रिएस्तेला मला सर्दी झाली ती ठरल्याप्रमाणे. विमानातील हवा फार कोरडी असते. बाहेरच्या अतिथंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. ती आत घेऊन तापवली की सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते. नाकाचे अस्तर सुकते, जडावते. मी उरलेल्या अमृतधारेचे दोन थेंब रुमालावर टाकून हुंगले आणि नाक लगेच मोकळे झाले.

खरेच झाले का? हा प्रश्न ब्रिटनमधील कार्डिफ येथे रोनाल्ड एकल्स यांनी विचारला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना मेंथॉल हुंगायला दिले आणि नाकातून हवा जाताना होणारा विरोध उपकरणाने मोजला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: बहुतेकांना नाक मोकळे झाल्यासारखे वाटले, पण मोजलेल्या विरोधात ठरावीक असा काहीच फरक पडला नाही. वाट तितकीच अरुंद होती!

असे का व्हावे? नाकात हवेचा प्रवाह मोजणारे मीटर नसते. आत येणारी हवा अस्तराला किती गार करते यावरून मेंदू प्रवाहाचा अंदाज करतो. प्रयोगशाळेत वाऱ्याचा वेग मोजायला तापलेली तार ठेवतात आणि ती किती थंड होते ते पाहतात. नाकही त्याच तत्त्वावर चालते. आता मज्जातंतूंच्या टोकांशी थंडी ओळखणारे एक प्रथिन असते, टीआरपीएम८ या नावाचे. तापमान सुमारे २५ ते २८ अंशांच्या खाली गेले की त्याचे दार उघडते आणि 'थंड' असा संदेश जातो. मेंथॉलचा रेणू त्याला चिकटला की हे दार नेहमीच्या उबदार तापमानालाही उघडते. २००२ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पटापुटिअन यांच्या गटांनी, वेगवेगळे काम करून, हे प्रथिन शोधले आणि त्यासाठी दोघांनीही मेंथॉलच वापरले. तापमान व स्पर्श यांच्या संवेदकांच्या शोधाबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

याची शहानिशा तुम्हाला करता येईल. दोन तापमापकांच्या फुग्यांभोवती कापूस गुंडाळा. एकावर साध्या स्पिरिटचे काही थेंब आणि दुसऱ्यावर मेंथॉल विरघळवलेल्या स्पिरिटचे तितकेच थेंब टाका. दोन्ही पारे जवळपास सारखेच खाली येतील आणि स्पिरिट उडून गेल्यावर परत वर चढतील. हेच दोन थेंब मनगटांवर लावा. मेंथॉलचे मनगट नंतर कितीतरी वेळ गार लागेल. तापमापकाला फसवता येत नाही, मज्जातंतूला येते.

म्हणून अमृतधारा निरुपयोगी, असे मी म्हणणार नाही. रात्री दीड वाजता परक्या गावच्या खोलीत नाक चोंदून बसलेल्या माणसाला बरे 'वाटणे' ही लहान गोष्ट नाही. मला त्या रात्री झोप लागली. मात्र सर्दी तिच्या गतीनेच गेली. आणि हा सगळा व्यवहार खोलीत करावा, विमानात नव्हे. तेथील जवळपास निम्मी हवा गाळून पुन्हा आत सोडतात. धूळ, जंतू असे कण ते गाळणे उत्तम अडवते, पण वासाचा एकटा रेणू एक नॅनोमीटरहूनही लहान, तो सहज पार होतो. तुमचा सुगंध तीन रांगांपर्यंत पोहोचतो आणि त्यात कोणी दमेकरी असला, किंवा कोणाला आधीच मळमळत असले, तर त्याचे हाल होतात. माझ्या शेजाऱ्यांना चार शिंकांवर निभावले.

आईच्या यादीत डास होते. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी टांझानियाला निघाला तेव्हा त्यानेही हेच विचारले: सिट्रोनेलाचे तेल नेले तर चालेल ना, सर? सिट्रोनेला म्हणजे गवती चहाचाच भाऊबंद. त्याच्या वासाने डास दूर राहतात हे खरे आहे. पण किती वेळ? तेल डासाला हटवते ते हवेत उडून, आणि उडून गेले की संपले. घाम आणि वारा असेल तर आणखी लवकर. २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एक तुलना आली होती. डासांच्या पिंजऱ्यात हात घालून बसायचे आणि पहिला चावा केव्हा बसतो ते घड्याळात पाहायचे. सिट्रोनेलाच्या बहुतेक उत्पादनांनी वीस मिनिटेही काढली नाहीत. सुमारे २४ टक्के डीईईटी हे रसायन असलेल्या औषधाने पाच तास काढले. निलगिरीवर आधारित एकाने दोन तास टिकाव धरला. ती निलगिरी आपली सर्दीवरची नव्हे. लिंबासारख्या वासाच्या जातीपासून पीएमडी नावाचा पदार्थ तयार करतात, त्याचा बाष्पदाब कमी, म्हणून तो कातडीवर सावकाश उडतो. मात्र तीन वर्षांखालील मुलांना तो लावत नाहीत.

साध्या बागेत वीस मिनिटांनी डास चावला तर खाज सुटते. टांझानियात मलेरिया आहे. मी त्या मुलाला सिट्रोनेला घरीच ठेवायला सांगितले; मच्छरदाणी, डीईईटीचे मलम आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलेरियाप्रतिबंधक गोळ्या एवढे त्याने नेले.

पोटाचे थोडक्यात सांगतो. परीक्षानळीत थायमॉल जंतूंना मारते, पण आपले आतडे म्हणजे परीक्षानळी नव्हे. परगावी हगवण लागली तर धोका शरीरातील पाणी आणि क्षार जाण्याचा असतो. तेथे मीठ-साखरेच्या जीवनरक्षक द्रावणाचे पाकीट कामाचे, थेंब नव्हेत. दाताला लवंगेचे तेल मात्र प्रामाणिकपणे उपयोगी पडते, त्यातील युजेनॉलने वेदना काही काळ बधिर होते. किडलेल्या दातात हवा कोंडलेली असली तर तीही विमानात बॉईलचा नियम पाळते, म्हणून दात प्रवासाआधीच दाखवून घ्यावेत. आणि संत्र्या-लिंबांच्या सालींची तेले, विशेषतः बर्गामॉटचे, अंगाला लावून समुद्रकिनारी उन्हात बसू नका. त्यांतील काही द्रव्ये अतिनील किरणांबरोबर कातडी भाजून काढतात. आपल्या बावचीच्या बियांतही याच कुळातील द्रव्य असते आणि कोडावरच्या उपचारात तिचा लेप लावून ऊन घेतात ते त्यामुळेच.

आता परतीच्या प्रवासाची गोष्ट, जी मी वर्गात सहसा सांगत नाही.

माझ्या पुढच्या रांगेत एक तरुण जोडपे होते, आपल्याकडचेच, सोबत सात-आठ महिन्यांचे बाळ. मुंबई तासाभरावर आली, विमान खाली उतरू लागले आणि बाळाने टाहो फोडला. आई त्याला थोपटत होती, वडील उभे राहून खेळवत होते, काही केल्या ते थांबेना. त्याचे नाकही वाहत होते. माझ्या खिशात आईची बाटली होती, तळाशी थोडी अमृतधारा. मी झाकण काढून हात पुढे केला आणि म्हणालो, "ताई, बोटाला लावून बाळाच्या नाकाखाली फिरवा, मोकळं वाटेल त्याला." ती बिचारी घेणारच होती. तेवढ्यात वाटेपलीकडच्या आसनावरून एक वयस्कर बाई जवळजवळ ओरडल्या, "नको, नको! ते मुळीच लावू नका!"

त्या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तान्ह्या मुलाच्या नाकाशी मेंथॉल किंवा कापूर नेला तर त्याचा घसा एकाएकी आवळला जाऊन श्वास थांबू शकतो. कापूर पोटात गेला किंवा कातडीतून जास्त शोषला गेला तर लहान मुलाला झटके येतात. निलगिरीचे तेलही चमचाभर पोटात गेले तर धोक्याचे असते. दोन वर्षांखालील मुलाजवळ ही बाटली न्यायचीच नाही. मग त्या बाळाच्या आईकडे वळून म्हणाल्या, "कान दुखताहेत त्याचे. अंगावर घ्या त्याला, गिळू दे."

आईने पदराआड घेतले. मिनिटभरात रडणे थांबले.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते. ती एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते आणि ही नळी एरवी मिटलेली असते. विमान वर जाते तेव्हा आतली जादा हवा नळीतून आपोआप बाहेर सुटते. उतरताना मात्र उलटे होते: बाहेरचा दाब ५६५ वरून पुन्हा ७६० कडे चढत जातो, आत कमी दाब अडकलेला, आणि पडदा आत दाबला जाऊन दुखू लागतो. गिळताना किंवा जांभई देताना नळी क्षणभर उघडते, हवा आत शिरते आणि दाब सारखे होतात. मोठ्यांनी गोळी चघळावी, तान्ह्याला पाजावे. सर्दीने नळीचे तोंड सुजलेले असेल तर जास्त त्रास होतो, म्हणून बाळाचे वाहते नाक आणि रडणे यांचा संबंध होताच, फक्त मी समजलो तो नव्हता. जाताना माझी बाटली ज्या नियमाने फुटली, त्याच नियमाने येताना ते बाळ रडत होते. मी बाटलीचा हिशेब तीसेक थेंबांपर्यंत केला होता आणि बाळाला मात्र बाटलीतलेच औषध द्यायला निघालो होतो.

विमान थांबल्यावर मी त्या डॉक्टरबाईंचे आभार मानले. त्यांनी हसून विचारले, "आपण काय करता?" भौतिकी शिकवतो, हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

बाटली मी अजूनही प्रवासात नेतो, पण रबरी ड्रॉपरऐवजी आट्याच्या झाकणाची काचेची, प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी ठेवून. बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत द्रवाची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच चालते, २००६ पासून हा नियम आहे. दहा मिलिलिटरला कोणी हरकत घेत नाही. ही तेले पेट घेतात, म्हणून ज्योतीपासून दूर. बाटलीत हवा जितकी कमी तितकी गळती कमी, हे तुमच्या लक्षात आले असेलच. पण काठोकाठही भरू नका. उन्हात तापलेल्या टॅक्सीत तेल काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते आणि द्रव हवेसारखा दाबला जात नाही. मी वर बोटाच्या पेराइतकी जागा सोडतो.